माझे ओठ, केतकीचा आवाज

आमच्या गावठाणात बोलणं मध्येच थांबवायची सगळ्यांना सवय होती. अंधेरीचा विमानतळ इतका जवळ, की उतरणारं विमान आमच्या क्रूसाला घासून जातं की काय असं नव्या माणसाला वाटायचं. विमान डोक्यावर आलं की नळावर भांडणाऱ्या बायका गप्प होत, देवळात फादर प्रवचन थांबवत आणि आय मला शिव्या देता देता थांबायची. आवाज विरला की ज्यानं जिथं सोडलं होतं तिथूनच तो पुढं सुरू करी. "मेले, सकाळधरना कुठं," आणि विमान. आयचा हात तसाच वर, तोंड तसंच उघडं. मग "उलथली होतीस?" वाक्याचा राग मधल्या वेळात जराही थंड व्हायचा नाही. पाहुण्यांना हसू यायचं, आम्हाला त्यात काही विशेष आहे हेच ठाऊक नव्हतं. आता बोरिवलीला सातव्या मजल्यावर राहते, इथं विमानाचा आवाज येत नाही, तरी मी वाक्याच्या मध्येच थांबते आणि समोरच्याला वाटतं बाई विसरली.

डॅडी दिवसा औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला आणि लग्नसराईत गावठाणाच्या बँडमध्ये ट्रम्पेटला. घरात सतत कुणीतरी मोठ्यानं काहीतरी करत असे. मे महिन्यात अंगणात बाटली मसाला कुटला जायचा. मिरच्या वाळत पडलेल्या, बायकांची मुसळं एका ठेक्यात, सगळ्या गल्लीला शिंका. टोपात कोंबडं शिजतंय, काकी फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे गोल वडे, तळतायत, डॅडी आतल्या खोलीत ट्रम्पेटवर तीच ओळ पुन्हा पुन्हा घोटतायत. त्या सगळ्यावर माझा आवाज चढायचा. माझा आवाज तेव्हाही असाच होता, जाड आणि थोडा घोगरा. रविवारी देवळातल्या मराठी मिस्साला बायबलचं वाचन माझ्याकडे असे, कारण माइक बंद पडला तरी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जायचं. शाळेत नाकीडोळी नीटस पोरी कितीतरी होत्या. मला लोक ओळखत ते आवाजावरून. आय अभिमानानं सांगायची, "आमच्या फिलूला दारामागं उभी केली तरी पाव्हणा बोलंल, फिलू हाय."

कॉलेजच्या एकांकिकेत मला मंदार सरांनी पाहिलं. ते तेव्हा रोजची एक मालिका सुरू करत होते, त्यांना धाकटी सून हवी होती. वसुधा नावाची. सोज्वळ, सोशिक, सकाळी उठून तुळशीला पाणी घालणारी. मी तुळशीला पाणी कधी घातलं नव्हतं, पण ऑडिशनला तांब्या असा धरला की चॅनलच्या बाईंनी लगेच होकार दिला. गोरेगाव पूर्वेच्या स्टुडिओत प्लायवूडचं एक श्रीमंत घर उभं केलेलं होतं. त्या घराची मालकीण, म्हणजे माझी सासू, म्हणजे कुमुदताई.

कुमुदताईंचं नाव मी इथं पूर्ण लिहीत नाही. लिहिलं तरी माझं कुणी काही वाकडं करणार नाही, पण त्यांना माझ्या पुस्तकात आडनावासकट जागा द्यायची माझी इच्छा नाही. रंगभूमीवर नाव कमावलेल्या बाई. वाक्य संपवून त्या नुसतं समोर बघत उभ्या राहायच्या, आणि त्या शांततेवर प्रेक्षक टाळ्या द्यायचे. सेटवर पहिल्याच दिवशी त्यांनी मला जवळ बसवलं, आपल्या डब्यातली भरली वांगी माझ्या ताटात वाढली आणि म्हणाल्या, "लाजू नकोस हो. मला आईच समज." मी समजले. नऊवारी कशी सावरायची, घास घेऊन संवाद कसा म्हणायचा, रडताना नाक कसं गळू द्यायचं नाही, हे सगळं मी त्यांच्याकडूनच शिकले. त्यांची मुलगी केतकी अधूनमधून सेटवर यायची. माझ्याच वयाची, आवाज मात्र गोड आणि पातळ, वाक्याचं शेवटचं अक्षर झोक्यासारखं लांबवायची. वसुधाच्या भूमिकेसाठी आधी केतकीला पाहिलं होतं आणि चॅनलनं नको म्हटलं होतं, हे मला त्या वेळी कुणी सांगितलं नाही.

आमच्या मालिकेतला सेटवरचा आवाज प्रक्षेपणात वापरत नसत. बाहेर जनरेटर, बाजूच्या सेटवर ठोकाठोकी, त्यामुळे सेटवर जो आवाज रेकॉर्ड व्हायचा त्याला पायलट म्हणत, नुसता खुणेपुरता. नंतर प्रत्येकानं अंधेरीच्या डबिंग स्टुडिओत जाऊन पडद्यावरचे आपले ओठ बघत संवाद पुन्हा म्हणायचे. सगळे जात. मला मात्र कुणी बोलावेना. मी मंदार सरांना विचारलं तर ते म्हणाले, "अगं तुझं पायलटच एवढं स्वच्छ आलंय, तुला डबिंगची गरजच नाही." मला आकाश ठेंगणं झालं. घरी जाऊन मी हे सगळ्यांना सांगितलं. डॅडींनी ते बँडमध्ये सांगितलं, आयनं देवळात.

पहिल्या भागाच्या संध्याकाळी डॅडींनी टीव्ही उचलून अंगणात स्टुलावर ठेवला. अर्धं गावठाण जमलं. आयनं फुगे तळले होते, डुकराचं इंद्याल केलं होतं, एस्तेर काकी घरून खुर्च्या घेऊन आल्या होत्या. मी पडद्यावर आले, हिरवं लुगडं, हातात तांब्या, तशी पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी तोंड उघडलं आणि नेमकं विमान आलं. सगळे सवयीनं थांबले, घास हातात. पडद्यावर माझे ओठ हलत होते, वर विमान घरघरत होतं, आणि डॅडी माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होते, थांब, जाऊ दे त्याला. विमान गेलं. आणि माझ्या तोंडातून एक गोड, पातळ आवाज आला, शेवटचं अक्षर झोक्यासारखं लांबवणारा.

सगळ्यांनी आधी पडद्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मग एस्तेर काकीच म्हणाल्या, "ही कोण बोलतेय?"

"आवाज जरा वाढव रे," कुणीतरी म्हणालं. डॅडींनी उठून वाढवला. तो परका आवाज अंगणभर झाला. मागं बसलेली पोरं हसायला लागली. ती लहान होती, त्यांच्यावर राग धरण्यात अर्थ नाही, पण मला ते हसू अजून ऐकू येतं. आय हातात झारा घेऊन उभी होती. ती सगळ्यांना ठणकावून म्हणाली, "आमचा टीव्ही बिघडलाय. जुना हाय तो. खा तुम्ही." आणि ती प्रत्येकाच्या ताटात पुन्हा फुगे वाढत सुटली, ज्यांना नको होते त्यांच्याही. डॅडी शेवटपर्यंत बसले. भाग संपल्यावर टीव्ही उचलून आत नेला आणि त्या आठवड्यात ट्रम्पेटला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी मी सेटवर पोचले ती थेट मंदार सरांच्या अंगावर. ते खाली बघत म्हणाले, "लँग्वेजचा इश्यू आहे गं. तुझा टोन जरा गावठाणाचा लागतो. चॅनलचं म्हणणं पडलं." मी मेकअप रूममध्ये येऊन रडत बसले. कुमुदताई आल्या, त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं, केसांतून हात फिरवला. मी म्हटलं, "ताई, निदान मला आधी सांगायचं तरी." त्या म्हणाल्या, "तुझा चेहरा किती गोड आहे गं. आवाजाचं काय एवढं मनाला लावून घेतेस? आवाज काय, कुणाचाही चालतो." मांडीवर डोकं असतानाच मला कळलं. चॅनलला माझ्या आवाजाचं काही पडलेलं नव्हतं. नंतर साउंडवाल्या सलीमभाईंनी मला ते सरळच सांगितलं. "चॅनल ने कुछ नहीं बोला रे. मॅडम बोली सर को, लडकी का उच्चार खराब है, मेरी बेटी से करवा लो. सर मॅडम को ना नहीं बोल सकते."

म्हणजे मुलीला भूमिका मिळाली नाही, तर या बाईनं माझ्या तोंडात मुलगी बसवली. आणि वर वांगी खायला घालत राहिली.

मी तेव्हाच भूमिका सोडायला हवी होती, असं आजच्या मुली मला सांगतात. सोडली असती तर वसुधाला आवाजच काय, चेहराही केतकीचा आला असता. मला जायचं नव्हतं. मला माझा आवाज परत हवा होता, आणि त्याची किंमत त्या दोघींनी मोजावी असं वाटत होतं. रविवारी मिस्सात क्षमेची ओळ आली की मी ओठ मिटून घ्यायचे. फादरना कन्फेशनमध्ये हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, राग सोडून दे. मी म्हटलं, "फादर, मी पाप सांगायला आले, सोडायला नाही." ते जाळीपलीकडे थोडं हसले असावेत.

मी डबिंग स्टुडिओत जायला लागले. शिकायचंय म्हणून सांगितलं. कुणाला संशय आला नाही, उलट कुमुदताईंनी पाठ थोपटली, "शहाणी आहेस, मनात काही ठेवलं नाहीस." काचेच्या अलीकडे सलीमभाईंच्या शेजारी बसून मी बघायचे. आत केतकी हेडफोन लावून उभी, समोर पडद्यावर मी. तिला जराही अवघडल्यासारखं वाटत नव्हतं. "तुझ्या ओठांवर बोलायला काय मस्त वाटतं गं," ती म्हणाली, "तू किती सरळ सरळ बोलतेस." मी मान डोलावली आणि बघत राहिले. ती कुठं अडते ते बघत राहिले. उघड्या तोंडाचं काहीही खपायचं. पण ओठ मिटलेले असताना आवाज आला, किंवा 'प' म्हणताना ओठ मिटले आणि आवाज आ करून बसला, की लगेच दिसायचं, आणि पुन्हा घ्यावं लागायचं. वाक्य एका दमात असेल तर तिचं काम झटपट व्हायचं. वाक्य मध्ये तुटलं की ती चुकायची. कारण तुटलेलं वाक्य पुन्हा कधी सुरू होणार हे बोलणाऱ्यालाच माहीत असतं.

आणि वाक्य तोडायला मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

त्यानंतर सेटवर वसुधा बदलली. संवाद शब्दाला शब्द लिहिल्याप्रमाणेच म्हणायचे, त्यात मला कुणी बोट दाखवू शकत नव्हतं. पण "मामंजी, तुम्ही पानावर बसा" म्हणताना "मामं" वर मी थांबायचे, ओठ मिटून, डोळ्यात पाणी आणायचे आणि मग मनाला येईल तेव्हा "जी". जेवणाच्या प्रसंगात मी पापड मागून घेतला आणि संवादभर तो चावत राहिले. हसत हसत बोलायचे, हुंदक्यात अर्धा शब्द गिळायचे, पदर तोंडाशी नेऊन अर्ध्यातच काढायचे. मंदार सर खूश. "काय नॅचरल करतेय पोरगी!" असं त्यांनी सगळ्या युनिटसमोर म्हटलं. कुमुदताई माझ्यासमोर उभ्या राहून हे बघत होत्या. सुरुवातीला त्यांनाही ते अभिनय वाटलं असणार. मग एक दिवस त्या म्हणाल्या, "फिलू, साधं बोल गं. उगाच तोडू नकोस." मी म्हटलं, "ताई, तुम्हीच तर पॉज शिकवलात." त्यांच्या चेहऱ्यावरचा मेकअप जागच्या जागी राहिला, पण डोळे बदलले. त्या दिवसापासून त्यांच्या डब्यातलं माझ्या ताटात आलं नाही, आणि मला आयच्या हातचं सुकट डब्यातून न्यायला मोकळीक मिळाली. मेकअप रूममध्ये वास सुटायचा. त्या नाकाला रुमाल लावायच्या. मी सावकाश जेवायचे.

डबिंगला केतकीचे हाल व्हायला लागले. एका प्रसंगाला पूर्वी चहा प्यायला लागेल एवढा वेळ लागायचा, आता अख्खी दुपार. सलीमभाई कपाळाला हात लावायचे. प्रेक्षकांनाही दिसायला लागलं. आमच्या गल्लीतल्या पोरांनी माझी नक्कल सुरू केली, तोंड मिटलेलं आणि शेजारचा आवाज काढतोय. मला त्याचं वाईट वाटलं नाही. चॅनलचा फोन आला, की सुनेचं तोंड एकीकडे आणि बोलणं एकीकडे, हा काय तमाशा आहे. मंदार सर घायकुतीला आले, पण रोजचा भाग रोज जायचा, बसून विचार करायला कुणालाच फुरसत नव्हती.

मग तो प्रसंग आला. सासू सुनेला घराबाहेर काढते. कुमुदताईंनी त्यात जीव ओतला. शेवटी त्यांच्या चेहऱ्याचा मोठा शॉट होता. माझ्या खांद्यावरून घेतलेला, माझी फक्त पाठ आणि अंबाडा दिसतोय. संवाद संपले होते, त्या फक्त माझ्याकडे बघत होत्या, आपला तो प्रसिद्ध पॉज घेऊन. तिथं पुढं संगीत टाकायचं ठरलं होतं. त्याआधीच्या माझ्या बोलण्याचे मी असे काही तुकडे केले होते, की आज लिहितानाही मला समाधान वाटतं.

दुसऱ्या दिवशी जेवायला बसले होते तेव्हा मंदार सरांचा फोन आला. केतकीचा घसा बसला होता. सकाळपासून तोच प्रसंग करून करून ती हेडफोन फेकून बाहेर आली होती. संध्याकाळी भाग जायचा होता, कॅसेट न्यायला बाइकवाला येऊन बसला होता. "फिलू, ताबडतोब ये. तुझा तूच कर." आयनं अर्ध्या ताटावरून उठवलं मला.

स्टुडिओच्या बाहेरच्या सोफ्यावर केतकी रडत बसली होती आणि कुमुदताई तिला थर्मासमधलं गरम पाणी पाजत होत्या. मला बघून त्या उठल्या. मला वाटलं, आता तरी काहीतरी म्हणतील. त्या म्हणाल्या, "आजच्यापुरतं निभावून ने हो. उद्या तिचा घसा मोकळा होईल." आणि रिक्षा करून दोघी बोरिवलीला आपल्या घरी निघून गेल्या.

आत गेले, हेडफोन लावले. माझेच ओठ, माझेच तुकडे, मला बघायचीही गरज नव्हती. सलीमभाई काचेपलीकडून बघतच राहिले. संवाद संपले. मग तो शॉट आला, कुमुदताईंचा चेहरा पडदाभर आणि माझी पाठ. पाठीला ओठ नसतात. मी माइकच्या आणखी जवळ गेले आणि माझ्या आवाजात, गावठाणाच्या जाड आवाजात, म्हटलं, "स्वतःच्या लेकीला बोलतं करायला दुसऱ्याच्या लेकीचं तोंड दाबलंत. आणि मी तुम्हाला आई म्हणत राहिले."

सलीमभाईंनी विचारलं, "ये स्क्रिप्ट में है क्या?"

"सर ने बोला है."

ते माझ्याकडे एक क्षण बघत राहिले. मग त्यांनी बटण दाबलं आणि म्हणाले, "ओके है." कॅसेट गेली.

त्या संध्याकाळी घरात आम्ही तिघंच होतो. माझा आवाज आला तशी आय कणीक मळता मळता थांबली. शेवटच्या वाक्यापर्यंत ती तशीच थांबली. डॅडींनी तिच्याकडे बघून सांगितलं, "टीव्ही दुरुस्त झाला गं." मी पडद्यावर कुमुदताईंचा चेहरा बघत होते. शूटिंगच्या वेळी त्या काय विचार करत होत्या देव जाणे, पण त्या वाक्यावर तो चेहरा असा दिसत होता, की चोरी उघडी पडलेल्या बाईचा चेहरा असाच असतो. नजर आधी माझ्यावर, मग हळूच खाली. मालिकेत त्यांना मुलगी होती, त्यामुळे वाक्य कथेत चपखल बसलं. बाहेरच्या कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

मंदार सर दुसऱ्या दिवशी मला फाडून खाणार होते, पण त्याआधी चॅनलचा फोन आला, की हा प्रसंग अप्रतिम झाला आणि सुनेचा आवाज आता हाच ठेवा. मग ते वाक्य आपणच सुचवलं असं त्यांनी युनिटला सांगितलं. मी सांगू दिलं. ज्यांना कळायचं होतं त्यांना कळलं होतं. कुमुदताई मेकअपला बसल्या होत्या, लोक येऊन त्यांच्या पाया पडत होते, ताई काय तो पॉज, काय ती नजर. त्या प्रत्येकाला हसून थँक्यू म्हणत होत्या. आरशात आमची नजरानजर झाली. मी बघत राहिले. आधी त्यांनीच नजर काढून घेतली. पुढं आम्ही तीन वर्षं सासू-सून होतो, कॅमेऱ्यासमोर एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. त्याबाहेर त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

त्या वर्षी त्यांना त्याच प्रसंगासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं. नाव पुकारायच्या आधी मोठ्या पडद्यावर तो शॉट दाखवला. सगळं सभागृह, पहिल्या रांगेत कुमुदताई, शेजारी केतकी, आणि वर त्यांचा चेहरा आणि माझा आवाज. टाळ्या कडाडल्या. त्यांना उठून स्टेजवर जावं लागलं आणि ते वाक्य स्वतःचं कौतुक म्हणून घरी न्यावं लागलं. मी मागं उभी राहून हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. पुढं जिथं जिथं त्यांचा सत्कार झाला, तिथं तोच तुकडा दाखवला गेला. दुसरं इतकं गाजलेलं काही त्यांच्याकडे नव्हतं.

मागच्या पावसाळ्यात कुमुदताई गेल्या. सगळ्या चॅनलवर दिवसभर श्रद्धांजली, आणि प्रत्येक श्रद्धांजलीत तोच शॉट. फोनवर, ग्रुपवर, सगळीकडे. मी टीव्हीसमोर बसून होते. अंत्यदर्शनाला गेले नाही. दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज ओळखायला मला वेळ लागला नाही, वय झालं तरी शेवटचं अक्षर अजून तसंच लांबत होतं.

"फिलू, मी केतकी. प्लीज, तू चॅनलला फोन करशील? तुझं ऐकतील. तो शॉट नका दाखवू म्हणावं. आज तरी. मला आज ते ऐकवत नाहीये गं."

ती थांबली, मीही थांबले. तिच्यामागं भजन चाललेलं ऐकू येत होतं. ती पुन्हा म्हणाली, "निदान त्या वाक्याचा आवाज तरी बंद करायला सांग."

"बंद कशाला," मी म्हटलं. "शॉटमध्ये माझी नुसती पाठ आहे, ओठ जुळवायचे नाहीत. त्यावर तूच बोल की."